सेलमचा मुलगा झोपेत चालतो

आमच्या विट्याच्या भागात मुलीचं लग्न ठरवायचं म्हणजे अर्धा हिंदुस्थान विचारात घ्यावा लागतो. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायची, हा आमचा गलाईचा धंदा. त्या धंद्यापायी माणसं बाहेर पडली ती कुणी कटकला गेली, कुणी गुवाहाटीला, कुणी त्रिचूरला. यात्रेला आणि लग्नाला तेवढी गावी येतात, चार दिवस मटण खातात आणि परत जातात. त्यामुळे स्थळ येतं ते असं: मुलगा लेंगऱ्याचा, राहतो मदुराईला. आणि मुलीचा बाप विट्यात बसून डोकं खाजवत असतो, की हा मुलगा कसा आहे हे विचारायचं कुणाला?

मला विचारायचं.

मी उत्तम मुळीक. लोक तात्या म्हणतात. तीस वर्षं कोइमतूरला भट्टीपुढे बसलो आणि गुडघे गेल्यावर विट्याला परत आलो. तेव्हापासून दक्षिणेतल्या सगळ्या स्थळांची चौकशी माझ्याकडे. आजवर दोनशे चौदा लग्नं माझ्या शब्दावर लागली. एक पैसा घेतला नाही. पण लग्नात मांडवाच्या दाराशी खुद्द वरबाप न्यायला यायचा, पहिल्या ओळीतली खुर्ची माझी असायची आणि जेवताना मंडळी माझं ताट बघून आग्रह करायची. माणसाला म्हातारपणी दुसरं काय लागतं?

माझी पद्धत साधी होती. कोइमतूरच्या पोपट जाधवला फोन लावायचा. पोपट कुणाला तरी विचारायचा, तो आणखी कुणाला तरी. दोन दिवसांनी उत्तर यायचं: "चांगलाय." आता मुलीच्या बापाला नुसतं "चांगलाय" सांगून चालतं का? त्याला वाटणार, तात्यानं चौकशीच केली नाही. म्हणून मी प्रत्येक स्थळात एक छोटी खोट घालून द्यायचो. मुलाचा मामा तापट आहे. मुलगी जरा हळू जेवते. कुणाचं काही बिघडणार नाही अशी, चिमूटभर. निव्वळ सोन्याचा दागिना टिकत नाही, थोडं तांबं घालावं लागतं, तसंच हे. खोट ऐकली की मुलीचा बाप समाधानानं मान हलवायचा आणि बाकीच्या सगळ्यावर विश्वास ठेवायचा. पोपटचा फोन लागला नाही तर मी ते "चांगलाय"सुद्धा मनानंच देत असे, पण खोट कधी चुकवली नाही. कामात हयगय मला चालत नाही.

माझा हा सुखाचा संसार मोडला तो माझ्याच मुलीनं.

ईश्वरी आमची एकुलती एक. पुण्यात एका कंपनीत भाषेची यंत्रं बनवते. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार त्रेचाळीसच्या दिवाळीला, ती माझ्यासाठी कानाचं यंत्र घेऊन आली. हरभऱ्याएवढं. कानात घातलं आणि आमच्या घरातलं घड्याळ टिकटिक करतं हे मला सहा वर्षांनी पुन्हा कळलं.

तेवढ्यात आतून नंदा, म्हणजे माझी बायको, ओरडली, "गॅस बंद केलाय मी!"

आणि लगेच माझ्या कानात एक बारीक बाई म्हणाली, "धरलं."

"ही कोण?" मी दचकून विचारलं.

ईश्वरी हसली. "पप्पा, आधी आत जाऊन गॅस बघा."

गॅस चालू होता.

मग तिनं मला समोर बसवून समजावलं. मी पत्रा बडवावा तसा मोठ्यानं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी मुकाट ऐकलं.

"समजा, मांजरानं दूध प्यायलं," ती म्हणाली. "तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलं असेल, किंवा दुसऱ्या खोलीतून लपलप ऐकलं असेल. नाहीतर मांजराच्या मिशीला दूध लागलेलं दिसलं. नाहीतर शेजारणीनं सांगितलं. नाहीतर मांजर रोजच पितं म्हणून आजही प्यायलं असेल असं धरून चाललात. मराठीत या पाचही वेळा आपण काय म्हणतो? ‘मांजरानं दूध प्यायलं.’ संपलं."

"मग आणखी काय म्हणायचं?"

"ॲमेझॉनच्या जंगलात, कोलंबिया आणि ब्राझीलच्या सीमेवर तुयुका नावाचे लोक राहतात. त्यांच्या भाषेत या पाचांसाठी क्रियापदाचे पाच वेगळे शेवट आहेत. कळलं कसं ते सांगितल्याशिवाय वाक्य पुरंच होत नाही. तिथल्या पोराला बोलायला शिकायचं तर हेही शिकावंच लागतं."

"आपल्यात ‘म्हणे’ आहे की," मी भाषेची बाजू घेतली.

"आहे ना. पण ते पहिल्याच तोंडात असतं. दुसऱ्या तोंडात जाईपर्यंत गळून पडतं."

मी विषय बदलला आणि यंत्र चालतं कसं ते विचारलं.

यंत्राचं शास्त्र तिनं असं सांगितलं. माणूस डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो तेव्हा ती जागा, तो उजेड, आपण उभे कुठे होतो, हे सगळं त्याच्या डोक्यात पुन्हा जागं होतं. त्यानं आवाजात बारीक फरक पडतो, कुठे क्षणभर थांबतो, कुठे सूर हलतो. ऐकीव सांगताना हे काही होत नाही, वाक्य गुळगुळीत येतं. आपल्या कानाला तो फरक कळत नाही. लाखो वाक्यं ऐकवल्यावर यंत्राला कळायला लागला. मग त्यांनी यंत्राला तुयुका लोकांसारखे पाच शब्द दिले: पाहिलं, जाणवलं, ताडलं, ऐकलं, धरलं. स्वतः केलेलं आणि अनुभवलेलं ‘पाहिलं’मध्येच. यंत्राचं नाव ठेवलं ‘उगम’.

"म्हणजे खोटं पकडणारं यंत्र," मी म्हणालो.

"नाही. खरं-खोटं त्याला कळत नाही. ऐकीव गोष्ट खरी असू शकते. ते फक्त गोष्ट कुठून आली ते सांगतं."

"आणि कुणी मनानंच रचून सांगितली तर?"

"तर गप्प बसतं. उगमच नाही ना."

त्या दिवशी दुपारी टीव्हीवर एका पुढाऱ्याचं भाषण होतं. साहेब अर्धा तास बोलले, यंत्र एकदाही बोललं नाही. मला वाटलं बॅटरी गेली.

वर्षाच्या आत ‘उगम’ सगळ्यांच्या फोनमध्ये आलं. टेबलावर फोन ठेवायचा, समोरचा बोलला की फोन बोलायचा. त्यानं काय काय झालं! विट्याच्या स्टँडसमोरच्या कट्ट्यावर बसणारी मंडळी दोन दोन वाक्यं बोलून घरी जायला लागली. आमच्या तालुक्याचं साप्ताहिक आठ पानांचं दोन पानांवर आलं, आणि त्यातलं एक पान पंचांगाचं होतं.

आणि माझ्याकडे भिकवडीचा एक मुलीचा बाप आला. त्यानं नमस्कार केला, फोन टीपॉयवर ठेवला आणि म्हणाला, "हं, बोला तात्या. मुलगा कसाय?"

"मुलगा अगदी लाख माणूस."

"ऐकलं," फोन म्हणाला.

"घरचं वातावरण उत्तम."

"धरलं."

"जरा घोरतो, एवढंच."

फोन गप्प. तो माणूस फोनकडे बघत राहिला, मी छताकडे. मग चहा न घेताच उठला. त्यानंतर चौकशीला माझ्याकडे कुणी येईना. मी चिडलो होतो, खोटं कशाला सांगू. तुयुका लोकांवरसुद्धा चिडलो होतो. एवढं जंगल आहे, सुखानं राहावं, भाषेत कशाला खोड्या काढाव्यात!

अशात फेब्रुवारीत ईश्वरी आली आणि जेवताना म्हणाली, "मला लग्न करायचंय. मुलगा आपल्यातलाच आहे. सेलमचा विराज सूर्यवंशी."

माझा घास हातातच राहिला. "तो? अगं, तो झोपेत चालतो!"

"ऐकलं," कानातली बाई म्हणाली.

"बरोबर, ऐकलंच!" मी तिच्यावरही ओरडलो. "एकाकडून नाही, पाच जणांकडून ऐकलंय! दक्षिणेतल्या आपल्या सगळ्या गलाई लाईनीला माहीत आहे. चार वर्षांत अकरा स्थळं मोडली त्याची."

"मला त्यानंच सांगितलंय," ईश्वरी शांतपणे म्हणाली. तमिळ बोलणारा मराठी आवाज हवा म्हणून तिच्या कंपनीनं विराजला बोलावलं होतं. सहा महिन्यांत त्यानं सहा हजार वाक्यं बोलून दिली, ती हिनं एकेक करून तपासली. "पप्पा, सहा हजार वाक्यांत त्यानं एकदाही न पाहिलेलं पाहिलंय असं सांगितलं नाही. असा माणूस मला दुसरा भेटायचा नाही. पण लग्नाला तोच नाही म्हणतोय. म्हणतो, उद्या झोपेत काही करून बसलो तर?"

"शहाणा आहे मग," मी म्हणालो.

ती पानावरून उठली. मुलगी आमच्यासमोर रडत नाही, भांडी घासते. त्या दिवशी घासलेलीच भांडी परत घासत होती. आत जाऊन नंदानं काय ते ऐकलं, बाहेर आली आणि म्हणाली, "आवो, दोनशे पोरींची लग्नं लावलीसा. हिच्यासाठी येक फोन करा की. नीट चौकशी करा. पयल्यांदाच."

ते शेवटचे शब्द मला लागले. मी सेलमला व्हिडिओ कॉल लावला.

विराज दिसायला नीटस. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून बसला होता. सेलमला वाढलेली मुलं बोलतात तसं जपून, पुस्तकी मराठी बोलला.

"होय काका. मी झोपेत चालतो."

"ऐकलं," यंत्र म्हणालं.

मी चमकलो. "तू स्वतः चालतोस, आणि ऐकलं कसं?"

"झोपलेलो असतो ना काका. मला कसं दिसेल? लोकांनी आईला सांगितलं, आईनं मला." मग म्हणाला, "रोज पायाला दोरी बांधून झोपतो. तीन महिने कॅमेरा लावला होता. काही दिसलं नाही."

"मग?"

"आई म्हणाली, देवीला नवस केला होता, त्याचा गुण आला. पण पूर्ण गेलंय असं कसं म्हणायचं? डॉक्टरांनाही सापडत नाही."

त्याच्यामागे भिंतीला टेकून त्याची आई, रत्नमालाबाई, उभ्या होत्या.

फोन ठेवला तेव्हा मी पक्कं ठरवलं, या गोष्टीचं मूळ शोधायचंच. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं तो माणूस गाठायचा. सुरुवात पोपटपासून केली.

"आरं तात्या, त्यो झोपंत चालत येरकाडच्या घाटात गेलता! पोलिसांनी उठवला!" पोपट म्हणाला.

"ऐकलं."

"कुणाकडनं ऐकलंस?"

इरोडच्या सर्जेरावच्या बायकोकडून. तिला लावला. पोलीस तिला माहीत नव्हते. "झोपंत भट्टी पेटवून चांदी आटवली म्हनं. सकाळी बगत्यात तर काम तयार! कामाचा हाय म्हणायचा."

"ऐकलं."

तिला करूरच्या सासूनं सांगितलं होतं. सासूच्या गोष्टीत भट्टी नव्हती, मुलगा फक्त गच्चीवर गेला होता. सासूला ज्यानं सांगितलं, त्याच्या मते अंगणापर्यंत. मी जसजसा मागे जाईन तसतसा मुलगा कमी चालायला लागला. आणि कुणीही विचारलं तरी यंत्राचं एकच, ऐकलं, ऐकलं, ऐकलं. नवव्या फोनला मी पलूसच्या दशरथ शिंदेपर्यंत पोचलो. चार वर्षांपूर्वी सेलमचं हे स्थळ पहिल्यांदा त्याच्याच मुलीला आलं होतं.

"दशरथ, तुला कुणी सांगितलं?"

"आसं काय करता तात्या?" दशरथ म्हणाला. "तुमीच की! पलूसच्या स्टँडवर आपण उसाचा रस पीत हुतो. तुमी म्हणाला, सगळं ब्येस हाय, झोपंत जरा चालतो येवढंच."

"पाहिलं," यंत्र म्हणालं.

मी फोन खाली ठेवला. पोपटचा फोन लागला नव्हता त्या दिवशी. दशरथ समोर उभा, ग्लास हातात, आणि मला काहीतरी खोट हवी होती. मामाचा तापटपणा आदल्याच आठवड्यात वापरून झाला होता. दोनशे चौदा जणांना दिलेल्या खोटी कोण लक्षात ठेवतो? मी ती विसरलो, आणि पाच दिशांनी परत आली तेव्हा खरी मानून बसलो.

आता माणूस पहिल्यांदा काय करतो? सोपा रस्ता बघतो. मी विराजला फोन केला आणि म्हणालो, "मी खात्री करून घेतली बाळा. दोन डॉक्टरांशी बोललो. तुला काही नाही."

मग तो म्हणाला, "काका, माझ्या फोननं काही शब्द दिला नाही. रागावू नका. पण तुम्ही माझ्यासाठी बोललात, हे फार झालं."

त्यानं माझे आभार मानून फोन ठेवला. लाज वाटली. अशी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

ईश्वरीला सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही.

"त्याच्या एकट्याच्या कानात सांगून उपयोग नाही पप्पा," ती म्हणाली. "त्याची आई मानणार नाही. आणि लोक तर नाहीच. सगळ्यांसमोर सांगावं लागेल."

"अगं, दोनशे चौदा लग्नं आहेत माझ्या नावावर! मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

"नाही राहणार," ती म्हणाली. कानातली बाई म्हणाली, "ताडलं."

चैत्रात यात्रेला सगळी लाईन गावी आली. रत्नमालाबाई आणि विराज लेंगऱ्याला उतरले. मी सूर्यवंशींना बैठकीला बोलावलं आणि त्या साखळीतल्या नऊच्या नऊ जणांना सहकुटुंब. आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, पाय ठेवायला जागा नव्हती. नंदानं मधोमध टीपॉय ठेवला आणि त्यावर फोन.

मी उभा राहिलो. तीस वर्षं भट्टीपुढे बसलो, एवढा घाम कधी आला नव्हता.

"सेलमचा मुलगा झोपेत चालतो, ही गोष्ट मी रचली," मी म्हणालो. "चौकशी केलीच नव्हती. बोलायला काहीतरी हवं म्हणून बोललो."

"पोरीसाठी खोटं बोलतोय म्हातारा," मागून कुणीतरी म्हणालं.

"पाहिलं," फोन म्हणाला.

तो शब्द माझ्या बोलण्याला होता, हे सगळ्यांना कळलं. मग पोपट जाधव हळूच पुढे सरकला. "तात्या, मग माझ्या लग्नात आमच्या आईला तुमी सांगितलंवतं, की पोरीला वांगं चालत न्हाई, अंगावर पित्त उठतं. ते?"

मी मान खाली घातली.

"सोळा वर्सं आमच्या घरात वांगं शिजलं न्हाई!" पोपट ओरडला.

"आवो, मला वाटलं तुमालाच आवडत न्हाई!" त्याची बायको त्याच्याहून मोठ्यानं ओरडली. "मी म्हायेराला जाऊन खाती!"

मग काय विचारता! करूरची सासू उठली. जावयाला उंचावर चक्कर येते म्हणून तिनं पोरीचं बिऱ्हाड तळमजल्यावर मांडलं होतं, आणि दर पावसाळ्यात तिथं पाणी शिरत होतं. कुणाची सून बहिरी आहे म्हणून घरचे बारा वर्षं ओरडून बोलत होते, आणि ती बिचारी म्हणत होती, माणसं तापट आहेत. एकेक जण उभा राहायचा, माझ्याकडे बोट करायचा, आणि फोन प्रत्येकाला म्हणायचा, "पाहिलं, पाहिलं." माझी पहिल्या ओळीतली खुर्ची, मांडवाच्या दाराशी येणारे वरबाप, ताटातला आग्रह, सगळं त्या अर्ध्या तासात गेलं.

गलका थांबला तो विराजच्या आवाजानं. तो आईकडे वळून विचारत होता, "आई, मग दोरी सोडू का?"

रत्नमालाबाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"चार वर्सं मी त्याच्या दाराला आडवी झोपती," त्या म्हणाल्या. "फरशीवर. माझ्यावरनं पाय टाकून गेला तर मला जाग यावी म्हणून."

"पाहिलं," फोन म्हणाला. कुणीतरी पटकन तो उलटा घातला.

"वहिनी, मी चुकलो," मी म्हणालो. मी त्या बाईपुढे हात जोडले आणि सगळ्यांदेखत रडलो.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग त्यांनी वाकून तो फोन सुलटा केला आणि माझ्यासमोर सरकवला.

"आता माझी अडचण ऐका," त्या म्हणाल्या. "मला सून करायची हाय. मुलगी हितली. हिची चौकशी मी कुणाकडं करायची? आमच्या लाईनीची चौकशी तुमच्याकडंच असती. बोला. मुलगी कशी हाय?"

कुणी हसलं नाही. मी ईश्वरीकडे बघितलं.

"रागावली की बोलत नाही, भांडी घासते," मी म्हणालो.

"पाहिलं."

"चौथीत असताना हिला पहिला नंबर दिला होता. मार्कांची बेरीज चुकलीय असं हिनंच जाऊन बाईंना सांगितलं आणि तिसरा नंबर घेऊन घरी आली. मी तिला मारलं होतं त्यासाठी."

"पाहिलं."

"मला ऐकू यायला लागलं त्या दिवशी ती न्हाणीघरात जाऊन रडली. तिला वाटलं, मला कळलं नाही."

"जाणवलं," फोन म्हणाला. ईश्वरीनं मान दुसरीकडे वळवली.

"बरं," रत्नमालाबाई म्हणाल्या. "आणि खोट?"

सगळा सोपा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"मुलीत नाही," मी म्हणालो. "तिच्या बापात आहे."

"पाहिलं," फोन म्हणाला.

रत्नमालाबाईंनी विराजकडे बघितलं, ईश्वरीकडे बघितलं, आणि मग बसल्या जागी पाय पसरून निवांत भिंतीला टेकल्या.

"चालंल," त्या म्हणाल्या. "ती आमी सांभाळून घेऊ. चहा आणा."